लहान गावातल्या तीन सरकारी प्राथमिक शाळा: तुलना करायची तर नक्की कशाची?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक यंदा पहिलीत जाईल. आमचं गाव लहान. कुणाच्या घरी पाहुणे आले तर दुसऱ्या टोकाला अर्ध्या तासात कळतं, इतकं लहान. खाजगी शाळेत घालायचं नाही हे आमचं ठरलंय, त्यामुळे कृपया तो वाद इथे नको. सरकारी प्राथमिक शाळा तीन आहेत आणि तिन्हीकडे जागा आहे.

जवळची: चालत सात मिनिटं. चार इयत्ता, दोन शिक्षक, मुलं एकूण ४१.
मधली: गावात सगळ्यांत मोठी. प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग, पहिलीत ३८ मुलं. नाव मोठं.
लांबची: गाडीने वीस मिनिटं. नवी इमारत, संगणक कक्ष, मैदान.

मी वहीत तक्ता केलाय. निकालाची टक्केवारी, खोल्या, संगणक, मैदान, स्वच्छतागृहं, वाचनालय. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. बेरजेत लांबची पहिली, मधली दुसरी आणि जवळची तिसरी. नवऱ्याने तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "यात बाई कुठे आहेत?" शिक्षकांना गुण द्यायचे तरी कसे?

त्यात काल आणखी एक कळलं. जवळच्या शाळेचा चौथीचा निकाल दोन वर्षांपूर्वी तिघींत सगळ्यांत चांगला होता आणि गेल्या वर्षी सगळ्यांत वाईट. शिक्षक तेच. आता यातून काय समजायचं?

तिरकस_रेघ

संगणक कक्षाला किती गुण दिलेत? आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, याला किती?

आकडेमोड

निकालाचं कोडं त्यातल्या त्यात सोपं आहे, ते आधी घेतो.

४१ मुलं चार इयत्तांत म्हणजे चौथीत दहा-बारा. बारा धरू. एक मूल म्हणजे सव्वाआठ टक्के. नऊ जणांना जमलं तर निकाल ७५, अकरा जणांना जमलं तर ९२. फरकाच्या या दोघांपैकी एक त्या दिवशी तापाने फणफणलं होतं आणि दुसरं वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावाहून आलं होतं, एवढ्यावर सतरा टक्के इकडचे तिकडे. मधल्या शाळेत वर्गात ३८ आहेत. तिथे तीच दोन मुलं निकाल पाच टक्क्यांनी हलवतील. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हे हवेतलं नाही. हॉवर्ड वेनर नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १,६६२ शाळांचे पाचवीचे वाचनाचे गुण तपासले. सर्वांत वरच्या ५० शाळांत, सर्वांत लहान ५० शाळांपैकी सहा निघाल्या. निव्वळ योगायोगाने एक-दोन यायला हव्या होत्या. झालं, लहान शाळा उत्तम! पण मग त्यांनी तळाच्या ५० पाहिल्या. तिथे लहान शाळा नऊ. यादीच्या दोन्ही टोकांना लहान शाळांचीच गर्दी होते, कारण मुलं थोडी असली की सरासरी डुगडुगते. मुलं चौपट झाली की डुगडुग निम्मी होते. हे गणित अब्राहम द म्वाव्हर या गणितज्ञाने १७३० मध्येच मांडलंय.

शितावरून भाताची परीक्षा करतात ती सगळी शितं एका पातेल्यातली असतात म्हणून. मुलं तशी नसतात. तेव्हा एका वर्षाचा निकाल बाजूला ठेवा, गेल्या पाच वर्षांतली चौथीची सगळी मुलं एकत्र धरा आणि मग टक्केवारी काढा. मिळतात का आकडे?

अंगणवेल

मिळाले! मधल्या शाळेत थोडं ताटकळावं लागलं, जवळच्या शाळेत बाईंनी सरळ रजिस्टरच समोर ठेवलं. पाच वर्षांचं एकत्र केलं तर तिघींत मिळून चार टक्क्यांचंसुद्धा अंतर उरत नाही. म्हणजे माझ्या तक्त्यातला सगळ्यांत वजनदार रकाना निकालात निघाला (कोटी आपोआप झाली).

स्पष्टवक्ता

आकड्यांच्या कसरती चालू द्या, पण साधी गोष्ट विसरू नका. दोन शिक्षकांत चार वर्ग म्हणजे मूल अर्धा दिवस नुसतं बसून राहणार. बाई दुसरीला शिकवत असताना पहिली काय करणार? वेलीला पानं काढणार. मधली शाळा घ्या. प्रत्येक वर्गाला स्वतःचा शिक्षक, वर चुरस. चुरशीशिवाय मूल घडत नाही.

दूरदेशी

तक्त्यातल्या बेरजेबद्दल थोडं. काही वर्षं न्यूझीलंडमध्ये होतो. तिथे १९९५ पासून प्रत्येक शाळेला एक ते दहा असा 'डेसाइल' आकडा असे. तो शाळेच्या दर्जाचा नव्हताच. मुलं कोणत्या आर्थिक-सामाजिक थरातून येतात यावरून तो काढत, आणि कमी आकड्याच्या शाळेला सरकारने जास्त पैसा द्यावा, एवढाच त्याचा उपयोग. पालकांनी मात्र तो थेट प्रगतिपुस्तकासारखा वाचला. दहा म्हणजे उत्तम, एक म्हणजे तिथे पाऊल ठेवू नये. मीही तसाच वाचला होता, खोटं कशाला बोलू? घर शोधताना आधी शाळेचा आकडा विचारायचो. शेवटी २०२३ मध्ये तो बंद करून निधीवाटपासाठी दुसरी पद्धत आणली.

इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही तपासणी संस्था. निरीक्षक शाळेत बसून अहवाल लिहीत, त्यात वाचनाचं काय, गणिताचं काय, सगळं असे. पण वर एका शब्दाचा शेरा असे आणि लोक तेवढाच वाचत. सरकारी शाळांसाठी तो एकशब्दी शेरा सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाला.

तुमची बेरीज म्हणजे तोच एक शब्द. रकाने राहू द्या, बेरीज खोडा.

तिरकस_रेघ

+१. मैदानाचे आठ आणि स्वच्छतागृहाचे दोन मिळून दहा होतात खरे, पण दुपारी बाराला लेकीला त्या आठांचा काय उपयोग?

सायकलस्वार

गाडीने वीस मिनिटं म्हणजे जाऊन-येऊन चाळीस, तेही गाडी चालू झाली तर. ज्या दिवशी तुम्ही आजारी, त्या दिवशी शाळा बुडाली. आणि शाळेतल्या मैत्रिणी संध्याकाळी खेळायला येणार नाहीत. चालत जाणारं मूल दुसरीपासून एकटं जातं-येतं, हा रकाना कुणीच काढत नाही. बाकी चालू द्या.

खडूफळा

मी बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते, त्यातली चौदा वर्षं दोन शिक्षकी शाळेत. स्पष्टवक्ता यांना जे वाटतं ते निम्मं खरं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुवर्ग अध्यापन म्हणजे एका बाईने दोन वर्गांत धावपळ करणं नाही. निदान नसायला हवं. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र असत. सकाळी सगळ्यांना मिळून एक गोष्ट. मग दुसरीतली मुलं जोड्यांनी तीच गोष्ट वाचायची आणि मी पहिलीतल्या सहा-सात जणांना घेऊन फळ्याखाली जमिनीवर बसायची, अक्षरं घेऊन. वीस मिनिटांनी अदलाबदल. पहिलीच्या पोरांच्या कानावर वर्षभर दुसरीचं पडत असतं. एक मुलगा अंक नीट लिहायच्या आधी पाचाचा पाढा म्हणायचा, कारण मागच्या रांगेत रोज तो चालू असे. उलट, दुसरीतल्या ज्याचं पहिलीतलं काही राहून गेलंय, त्याला खाली येऊन बसायला लाज वाटत नाही. तिथे खाली-वर अशी भिंतच नसते.

हे सगळीकडे असंच होतं? नाही. कित्येक दोन शिक्षकी शाळांत खरंच वेलीला पानं काढणं चालतं. एका वर्गाला पान लिहायला लावायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. ते ओळखायचं कसं? ज्या वर्गाकडे बाईंची पाठ आहे, त्या वर्गाकडे बघा. तिथली मुलं काय करतायत? फळ्यावरून उतरवतायत की काहीतरी सोडवतायत, एकमेकांना विचारतायत? पाच मिनिटं पुरतात.

कोलंबियात १९७० च्या दशकाच्या मध्यात खेड्यांतल्या अशाच शाळांसाठी 'एस्कुएला नुएवा' नावाची पद्धत सुरू झाली. मुलांना स्वतः पुढे जाता येईल अशा पुस्तिका, गटकाम, मुलांचं छोटंसं मंत्रिमंडळ. पुढे ती तिथल्या हजारो शाळांत गेली आणि बऱ्याच देशांनी उचलली. म्हणजे एका खोलीत अनेक इयत्ता ही फक्त गरिबीची तडजोड नाही, नीट केली तर ती पद्धत आहे. पण नीट करायला तयारी लागते आणि तयारीला वेळ.

आता आमच्या अशा शाळांची खरी दुखरी नस. दोन शिक्षकांतला एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा कुठल्या तरी सर्वेक्षणाला गेला की उरलेल्या एकासमोर चाळीस मुलं, चारही इयत्ता. त्या दिवशी मी शिकवलेलं नाही, सांभाळलेलं आहे. एका वर्षी असे दिवस मोजायला घेतले होते, पन्नाशीच्या पुढे मोजणं सोडून दिलं. तेव्हा अंगणवेल, "पटसंख्या किती" याआधी "गेल्या महिन्यात दोन्ही शिक्षक किती दिवस एकत्र होते" हे विचारा. मुख्याध्यापकांना नाही, शाळेसमोरून रोज जाणाऱ्याला.

अंगणवेल

बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. आम्ही वर्ग बघायला गेलो तर चालतं का हो? आगाऊपणा वाटेल का?

खडूफळा

आधी परवानगी घ्या, मागे बसा, फोन पिशवीत ठेवा. चांगल्या बाईंना आवडतं. नाही आवडलं तर तेही कळलंच ना.

आणि वह्या बघा. हुशार मुलाची वही दाखवतील, ती बघून कौतुक करा आणि खाली ठेवा. मग म्हणा, "कुणाही तिघांच्या दाखवाल का?" वहीत तीन गोष्टी. तिघांच्या वहीत एकच मजकूर शब्दशः असेल तर तो फळ्यावरचा आहे. मुलाचं स्वतःचं एखादं वाक्य, मोडकंतोडकं का होईना, सापडतं का? लाल पेनाची नुसती बरोबरची खूण आहे की चुकीच्या शेजारी काही लिहिलंय? आणि त्या चुकीच्या पुढच्या पानावर ते मुलाने पुन्हा केलंय का? हे शेवटचं दिसलं तर उठून नमस्कार करा.

पाटीपेन्सिल

मला आमची गोष्ट सांगायची आहे, गाव-शाळा न सांगता.

आम्ही नावाजलेली शाळा घेतली. सरकारीच, पण लोक लांबून मुलं घालत. मुलगा तिसऱ्या बाकावर, शांत. दोन वर्षं प्रत्येक पालकसभेत एकच वाक्य, "काही त्रास नाही हो त्याचा." मला त्याचा अभिमान वाटायचा. तिसरीत असताना एकदा आत्याच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची चार ओळींची माहिती वाच म्हटलं, तर त्याने चित्राकडे बघून गोष्ट रचून सांगितली. छान सांगितली. वाचलं एकही अक्षर नव्हतं. वहीतलं सगळं उतरवलेलं, अक्षर मोत्यासारखं.

त्याहून वाईट पुढे. त्या वर्षी मोठी परीक्षा होती. आदल्या दिवशी निरोप आला, "त्याला सर्दी आहे ना, उद्या नाही पाठवलंत तरी चालेल." सर्दी नव्हती. निकाल त्या वर्षीही उत्तमच लागला.

तिरकस_रेघ

आज तिरकस काही सुचत नाहीये. मुलगा आता वाचतो का?

पाटीपेन्सिल

वाचतो. शाळा बदलली, लहान शाळेत गेला. तिथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला पहिलीच्या मुलांसोबत रोज अर्धा तास बसवलं. चार महिने लागले. आता रात्री दिवा बंद करायला ओरडावं लागतं.

आकडेमोड

पाटीपेन्सिल, वाईट वाटलं वाचून. दुर्दैवाने यात नवीन काही नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लिहून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर निर्णय अवलंबून राहू लागले, की तो आकडा आणि तो ज्याचं मोजमाप करतो ते काम, दोन्ही बिघडतात. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार करण्यात गुंतलेले आढळले. तिथे निकालावर नोकऱ्या आणि बक्षिसं टांगलेली होती. म्हणून "निकाल काय" याच्या जोडीला "परीक्षेला पटावरच्यांपैकी किती बसले" हा आकडा मागायचाच.

स्पष्टवक्ता

एखाददुसऱ्या वाईट अनुभवावरून सगळ्या मोठ्या शाळा वाईट ठरत नाहीत. आत्ताच तुम्ही शितावरून भाताबद्दल सांगितलंत. मोठ्या शाळेत एक शिक्षक रजेवर गेला तर दुसरा असतो, हे खडूफळा यांनीच अप्रत्यक्ष मान्य केलंय.

आकडेमोड

मान्य. मुद्दा बिनतोड आहे, आणि माझाच माझ्यावर उलटवलात.

भर घालतो. १९६६ मध्ये अमेरिकेत कोलमन अहवाल आला. चार हजारांच्या आसपास शाळा, सहा लाखांहून जास्त मुलं. गाजला तो "घरची परिस्थिती शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा जास्त बोलते" या निष्कर्षामुळे. पण त्यात आणखी एक गोष्ट होती जी पालकांच्या कामाची आहे: मुलांच्या गुणांमधला बराचसा फरक शाळा-शाळांमध्ये नव्हताच, तो एकाच शाळेच्या आत होता. मधली की जवळची यापेक्षा त्या शाळेत कोणत्या बाईंचा वर्ग, हा प्रश्न कदाचित मोठा.

स्पष्टवक्ता

म्हणजे शाळा कोणतीही घ्या, घर चांगलं असलं की झालं? मग आपण इथे कशाला जमलोय?

आकडेमोड

नाही, आणि त्यालाही उत्तर आहे. हाइनमन आणि लॉक्सली या संशोधकांनी १९८३ मध्ये २९ देशांची तुलना केली. देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा दिसला. ज्या घरी शिकवायला कुणी नाही तिथे शाळाच सगळं असते, हे तर आपल्यालाही पटेल.

दूरदेशी

वर्गातली मुलं किती, यावर कुणी बोललं नाही. जवळच्या शाळेत एका बाईंपुढे वीस, मधल्या शाळेत ३८. हा फरक केवढा!

खडूफळा

वीस, पण दोन इयत्ता मिळून वीस हे लक्षात ठेवा. तरी फरक मोठाच. ३८ पहिलीतल्या मुलांना रोज एकेकाला वाचायला लावायचं तर प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तरी सव्वा तास जातो. म्हणून ते होत नाही, सगळे मिळून म्हणतात. सगळे मिळून म्हणताना न येणारं मूल ओठ हलवतं. पाटीपेन्सिल यांचा मुलगा तिथेच हरवला.

आकडेमोड

यावर सगळ्यांत जास्त उल्लेख होतो तो अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या 'स्टार' प्रयोगाचा. १९८५ मध्ये सुरू झाला, ७९ शाळा, मुलं अकरा हजारांवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं आणि शिक्षक वाटून दिले: १३ ते १७ चा लहान वर्ग, २२ ते २५ चा नेहमीचा, आणि नेहमीचाच पण मदतनीस दिलेला. लहान वर्गातली मुलं पुढे गेली, वंचित घरांतली जास्त. मदतनीसाचा फारसा उपयोग दिसला नाही.

पण केनियात पहिलीचे वर्ग जवळपास निम्मे केले तेव्हा नेहमीच्या शिक्षकांकडच्या मुलांत म्हणावा तसा फरक पडला नाही. पूर्वीसारखंच फळ्यावरून शिकवलं, आणि शिक्षकांची उपस्थितीच कमी झाली. वर्ग लहान असणं ही सोय आहे. ती वापरणारा हवा.

उपस्थितीवरून आठवलं. बांगलादेशपासून पेरूपर्यंत सहा देशांत प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन मोजणी केली होती, २००६ मध्ये ती छापून आली. सरासरी १९ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. खडूफळा यांचा "समोरून जाणाऱ्याला विचारा" हा सल्ला म्हणजे त्याच अभ्यासाची बिनखर्ची आवृत्ती.

सायकलस्वार

लहान गावात त्यालाही चार जण चार उत्तरं देतील, पैकी दोघे बाईंचे नातेवाईक.

अंगणवेल

मंडळी, तिन्हीकडे जाऊन आले. लांबलचक लिहितेय, माफ करा.

लांबची. इमारत खरंच सुंदर, भिंतींवर पाढे आणि नकाशे रंगवलेले. संगणक कक्षाला कुलूप. तिरकस_रेघ, किल्ली एका सरांकडे असते आणि ते त्या दिवशी नव्हते! पहिलीच्या बाई तरुण, उत्साही, मुलं नाचत होती. पण वह्या जेमतेम भरलेल्या. रुजू होऊन दोन महिने झालेत म्हणाल्या, त्याआधी चार महिने वर्गाला कुणी नव्हतं. बाईंचा दोष नाही, तरी मनात खुट्ट झालं.

मधली. शिस्त आहे, नाकारणार नाही. पहिलीला दोन तुकड्या करणार म्हणतात, पण अजून कागदावर. वर्गात गेले तर ३८ मुलं एका सुरात म्हणत होती आणि माझी नजर आपोआप ओठांकडे. बाई सांगा, हे आता आयुष्यभर दिसणार का मला? वही मागितली तर दोन वह्या तयारच होत्या. कुणाही तिघांच्या म्हटल्यावर, "त्या तपासायच्या आहेत." पण खरं सांगायचं तर तिथल्या दुसरीच्या बाई विलक्षण आहेत. दारातून दहा मिनिटं ऐकत राहिले. त्या मुलांना प्रश्न विचारून गप्प बसतात. खरंच गप्प बसतात, उत्तर येईपर्यंत. पहिलीत त्या नाहीत, हीच पंचाईत.

जवळची. पोचले तेव्हा एकच बाई होत्या, सर बैठकीला. म्हटलं, झालं. पण बाईंनी चौथीतल्या पाच मुलांना पहिलीतल्या एकेकासोबत बसवलं होतं. एक मुलगी छोट्याला बोट धरून वाचायला लावत होती. तो अडला की सांगायची नाही, अक्षरावर बोट ठेवून थांबायची. हे तिला कुणी शिकवलं, विचारलं. "बाई असंच करतात." तिघांच्या वह्या लगेच मिळाल्या. एकीत 'काल आमची शेळी हारवली मग सापली' असं वाक्य. खाली लाल पेनाने 'कुठे सापडली?' आणि त्याखाली मुलाचं उत्तर, 'शाळेमागे'.

माझा तक्ता मी फाडला नाही, पण बेरीज खोडली.

स्पष्टवक्ता

एकदा जाऊन काय कळतं? दुसऱ्यांदा जा, न सांगता. तरीही वाटलं तर माझं काही म्हणणं नाही. शेळीवाल्या वहीने मीही जरा हललोय, लिहून ठेवा.

दूरदेशी

लिहून ठेवलंय.

पाटीपेन्सिल

कोणतीही घ्या, पण महिन्यातून एकदा घरी तिला अनोळखी मजकूर वाचायला द्या. पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणात २००५ पासून घरोघरी जाऊन हेच करतात: अक्षर, शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच मिनिटांचं काम. मी केलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

खडूफळा

आणि ते परीक्षा म्हणून नको, मांडीवर बसवून. अंगणवेल, एक विचारायचं राहिलं. जवळच्या शाळेतल्या बाईंची तिथे किती वर्षं झालीत? बदली किंवा निवृत्ती जवळ असेल तर तुम्ही बघितलेली शाळा पुढच्या वर्षी नसेल. दोन शिक्षकी शाळेत एक गेला की अर्धी शाळा जाते.

अंगणवेल

आज दुसऱ्यांदा गेले, न सांगता. दोघेही होते. निवृत्तीला तीन वर्षं आहेत म्हणाल्या, म्हणजे लेकीची तिसरी होईपर्यंत. बदलीचं सांगता येत नाही. मग हसून म्हणाल्या, "तुमच्या आधी कुणी विचारलं नव्हतं हे." सर तरुण आहेत, त्यांच्या बाजूलाही वर्गात डोकावले. तिसरीतल्या दोघांचं भागाकारावरून भांडण चाललं होतं आणि सर मध्ये न पडता ऐकत होते.

उद्या प्रवेशाचा अर्ज भरतोय. लेकीला सोबत नेलं होतं, तर ती त्या चौथीतल्या मुलीला विचारत होती की तू पुढच्या वर्षी पण इथेच असशील ना. नसणार ती. अजून सांगितलेलं नाही तिला.

तिरकस_रेघ

शेळीची खबर घेऊन या.